टायटलच्या पैशातून परवडणारी घरं: आयोवाची वाट की मेरीलँडची?

अमेरिकेत घर घेताना क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पूर्ण होण्याच्या दिवशी सह्यांसाठी कागदांचा गठ्ठा पुढे येतो. त्यात टायटल इन्शुरन्सची एक ओळ असते, म्हणजे घराच्या मालकीत पुढे दोष निघाला तर भरपाई देणारा विमा. पैसे एकदाच भरायचे, पण बऱ्याच राज्यांत हजार डॉलरच्या वर. मालकीचे जुने कागद आधीच तपासलेले असल्यामुळे दावे फार थोडे येतात. या एकरकमी हप्त्यातले (प्रीमियममधले) जेमतेम ५ टक्के दाव्यांवर जातात, मोठा वाटा एजंटांच्या कमिशनात. यातून परवडणाऱ्या घरांना हातभार लागावा ही मागणी मला अगदी रास्त वाटते. तुमच्या राज्यात असा प्रस्ताव आला असेल आणि मत बनवायचं असेल, तर आयोवा आणि मेरीलँड या राज्यांच्या दोन वाटा शेजारी शेजारी ठेवून बघा.

आयोवात १९४७ पासून खासगी टायटल इन्शुरन्स विकायलाच बंदी आहे. तिथे जमिनीचा सगळा इतिहास एका बाडात लिहिलेला असतो. वकील तो वाचून मत देतो. आपल्याकडे वकील ३० वर्षांचा सर्च घेऊन टायटल सर्टिफिकेट देतो, जवळपास तसंच. पण गृहकर्जं पुढे गुंतवणूकदारांना विकायची तर बँकांना मालकीची हमी लागते, म्हणून १९८५ मध्ये राज्यानेच ‘आयोवा टायटल गॅरंटी’ सुरू केली. साडेसात लाख डॉलरपर्यंतच्या घराला १७५ डॉलर. बाड अद्ययावत करण्याचे आणि वकिलाचे पैसे वेगळे, हे तुलना करताना विसरू नका. खर्च भागून उरलेला पैसा राज्याच्या घरबांधणी योजनांकडे जातो. म्हणजे घर घेणाऱ्याचा भार हलका, आणि शिल्लकही लोकांच्याच कामाला.

मेरीलँडने विम्याच्या हप्त्याला हातच लावला नाही. व्यवहाराचे पैसे टायटल कंपनीच्या एस्क्रो खात्यात (व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणारं खातं) काही दिवस पडून असतात. एकेकाचं व्याज इतकं किरकोळ की हिशेब करून परत देणंही परवडत नाही. ते सगळं व्याज एकत्र करून १९९२ पासून ‘मेरीलँड अफोर्डेबल हाउसिंग ट्रस्ट’ला मिळतं. हा ट्रस्ट मध्यम उत्पन्नाच्या निम्म्याहूनही कमी कमावणाऱ्या कुटुंबांच्या घरांना मदत करतो. ग्राहकाच्या खिशातून जादा काही जात नाही.

खरा फरक मंदीत दिसतो. २००८ नंतर व्याजदर शून्याजवळ आले आणि घरांची विक्रीही बसली. व्याजावर चालणारी ट्रस्टसारखी व्यवस्था अशा वेळी दोन्हीकडून आटते, तीही लोकांची घरं जात असताना. आयोवाचंही उत्पन्न व्यवहारांवरच अवलंबून आहे, पण दर उतरले की लोक कर्ज बदलून घ्यायला धावतात आणि प्रत्येक नव्या कर्जाला हमी लागते. त्यामुळे स्वस्त व्याजाचा काळ त्याला उलट मानवतो.

 

माझं मत आयोवाच्या बाजूने आहे. पण जिथे विमा कंपन्यांचं आणि एजंटांचं जाळं पक्कं बसलंय, तिथे ती पद्धत एका अधिवेशनात येणार नाही. अशा राज्यात मेरीलँडची वाट आज धरा, आणि हप्त्याचे दर कमी करायची मागणी सोबत चालू ठेवा. मसुदा हाती आला की आधी एक कलम शोधा: हा पैसा घरांच्या स्वतंत्र निधीत जाणार, की राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत. तिजोरीत जाणार असेल तर माझा पाठिंबा नाही.