अकूस्टिक गिटारला वायरलेस माइक: गणपतीपासून पावसाळ्यापर्यंत वापरून

ठाण्यात आमचा भावगीतांचा छोटा ग्रुप आहे. पेटी, तबला, दोन गाणारे आणि माझी स्टीलच्या तारांची गिटार. कार्यक्रम म्हणजे सोसायट्यांचे गणपती, कोजागिरी, दिवाळी पहाट, कधी एखादं लहान सभागृह. गिटारमध्ये पिएझो पिकअप (तारांची थरथर पकडून केबलने आवाज देणारी पट्टी) आहेच, पण त्याचा टकटकीत, प्लास्टिकसारखा आवाज भावगीताला शोभत नाही. म्हणून गेल्या गणपतीआधी २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा क्लिप-ऑन कंडेन्सर माइकचा सेट घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या धर्तीच्या कुठल्याही सेटला खालचं बरंचसं लागू पडेल.

शांत हॉलमध्ये आवाज खरोखर सुंदर येतो. पिएझोला फक्त सॅडलखालची, म्हणजे पोटावर तारा जिथे टेकतात त्या पट्टीखालची थरथर कळते. माइकला लाकूड, बोटं, तारेवरची घासही ऐकू येते. माइकचं तोंड मात्र साउंडहोलकडे करू नका. गिटारच्या पोटातली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास घुमते आणि ते सगळं तिथूनच बाहेर पडतं. मान जिथे पोटाला मिळते तिकडे तोंड वळवायचं, वीतभर अंतर ठेवायचं, आणि मिक्सरवर १०० च्या खालचं कापायला सांगायचं. जाड ई तार ८२ हर्ट्झची असल्यामुळे तिचा थोडा जोर जातो, पण तबल्याच्या डग्ग्यासोबत तो कोणाला जाणवत नाही.

आता अडचण. सोसायटीच्या स्टेजवर साउंडवाल्याने आवाज चढवला की माइक शिट्टी मारतो. त्यात तबला शेजारीच असतो, तोही माझ्या चॅनेलवर येतो. वायरलेस असण्याचा यात काही दोष नाही. तारेचा माइक लावला असता तरी हेच झालं असतं. मॉनिटरमध्ये (आमच्याकडे तोंड असलेल्या स्पीकरमध्ये) फक्त पिएझो आणि लोकांकडच्या स्पीकरमध्ये माइक जास्त, पिएझो कमी, असं केल्यावर शिट्टी बरीच आटोक्यात आली.

पण या मिश्रणातच खरी मेख आहे, आणि विकताना ती कोणी सांगत नाही. माझ्या सेटमध्ये आवाज पोहोचायला सुमारे ५ मिलिसेकंद लागतात. नुसता माइक वापरला तर काही बिघडत नाही. स्पीकरपासून पावणेदोन मीटरवर बसलं तरी आवाज कानापर्यंत यायला तेवढाच वेळ लागतो. पिएझो मात्र केबलने, म्हणजे लगेच पोहोचतो. दोन्ही एकत्र केले की १००, ३००, ५०० हर्ट्झ अशा ठिकाणी ते एकमेकांना खाऊन टाकतात आणि गिटार पोकळ वाजते. मिक्सरवरचं फेजचं (लाट उलटी करणारं) बटण दाबून हे जात नाही, खड्डे फक्त जागा बदलतात. डिजिटल मिक्सर असेल तर पिएझोच्या चॅनेलला तेवढाच डिले (उशीर) द्यायला सांगा, आवाज लगेच भरतो. साध्या मिक्सरवर मी माइकचे खालचे सूर १०० च्याही बरेच वरपर्यंत कापतो आणि खर्जाची बाजू पिएझोवर सोडतो. जमतं, पण हॉलमधली मजा त्यात नाही.

अजून एक, मिक्सरचं. लहान मिक्सरवर ४८ व्होल्ट फँटमला (कंडेन्सर माइकला मिक्सरमधून मिळणाऱ्या विजेला) सगळ्या चॅनेल्ससाठी मिळून एकच बटण असतं. तबल्याला कंडेन्सर माइक असला की ते चालू करावंच लागतं, आणि माझ्या रिसीव्हरच्या (माइकचा सिग्नल पकडून मिक्सरला देणाऱ्या डबीच्या) माहितीपत्रकात फँटम देऊ नका असं स्पष्ट लिहिलंय. फँटम एक्सएलआरवर, म्हणजे तीन पिनांच्या माइक सॉकेटवर येतं, म्हणून मी त्याऐवजी साध्या जॅकमधून आवाज देतो.

रेंजबद्दल फारशी तक्रार नाही. क्लबहाउसमध्ये वायफायच्या राउटरखाली रिसीव्हर ठेवला तेव्हा आवाज तुटला; स्टँडवर छातीच्या उंचीला, माझ्यासमोर ठेवल्यावर थांबला. मध्ये माणसं आली तरी फरक पडतो, कारण अंगातलं पाणी ही फ्रिक्वेन्सी शोषून घेतं. नुसता माइक वायरलेस वाजवताना जनरेटरवरच्या मंडपातली ती कायमची घरघर माझ्या चॅनेलवरून गेली, हा न मागितलेला फायदा. केबलच नाही तर अर्थिंगचा लूप (घरघर आणणारं अर्थिंगच्या तारांचं वेटोळं) कुठून होणार!

बैठकीत मांडी घालून वाजवणाऱ्याला मात्र वायरलेसवर पैसे घालवायची गरज काय, हे मला आजही कळत नाही. तोच माइक तारेचा घ्या, डिलेची कटकटही वाचेल. उभं राहून वाजवणाऱ्याला, मुलांच्या समूहगीतात इकडून तिकडे फिरणाऱ्याला हा सेट द्यावा.

बॅटरी सुरुवातीला पूर्ण कार्यक्रम आणि साउंड चेक आरामात काढायची. आता मध्यंतरात चार्जिंगला लावतो. उपवनच्या तळ्याकाठी वाऱ्यात फोमची टोपी हवीच. आणि क्लिपचं रबर पॉलिशवर रात्रभर ठेवू नका, विशेषतः जुन्या लॅकरच्या गिटारवर. त्यावर डाग उठतो. मी मध्ये सुती कापडाची पट्टी घालतो.