नोव्हाया झेमल्याची टॅपेस्ट्री: एक हिवाळा, एक उन्हाळा आणि क्षितिजावरची फट

हाताने विणलेल्या टॅपेस्ट्रीला, म्हणजे भिंतीवर टांगायच्या विणलेल्या चित्राला, थोडीफार फट पडायचीच, असं विकणाऱ्या स्टुडिओने कळवलं आणि त्यांच्यापुरता विषय संपवला. माझ्यापुरता तो संपलेला नाही. फट कुठे पडली, का पडली आणि माग दुसऱ्या दिशेने लावला असता तर ती का पडली नसती, हे मला आता नीट समजलं आहे. १,४५० युरो मोजणाऱ्या पुढच्या माणसाला ते आधीच समजायला हवं.

माझी टॅपेस्ट्री या स्टुडिओच्या एका मालिकेतली आहे. ती मालिका ज्यांनी पाहिली आहे त्यांना वर्णनाची गरज नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. माप १२० बाय ८० सेंटिमीटर, ताणा (मागावर ताणून लावलेले धागे) सुती, बाणा (त्यांच्यातून विणत नेलेले धागे) लोकरीचा. विषय डच दर्यावर्दी विलेम बॅरेंट्सच्या १५९६-९७ मधल्या ध्रुवाकडच्या सफरीचा. मालिकेतल्या एका कामात बर्फाने उचललेलं जहाज आहे, दुसऱ्यात वाहून आलेल्या ओंडक्यांचं घर. मी घेतलं ते तिसरं. यात जहाज नाही, माणूस नाही. खाली बर्फ, वर आभाळ आणि दोन्हींच्या मधे तांबूस केशरी रंगाची एक लांबट, चपटी पट्टी. ती पट्टी म्हणजे सूर्य.

सूर्य असा चपटा का, हे माहीत असेल तरच या कामाची किंमत कळते. चीनला जाणारा उत्तरेचा मार्ग शोधायला निघालेलं हे डच जहाज ऑगस्ट १५९६ मध्ये रशियाच्या उत्तरेकडच्या नोव्हाया झेमल्या बेटांच्या किनाऱ्याशी बर्फात अडकलं. सतरा माणसं होती. वाहून आलेल्या ओंडक्यांचं घर बांधून त्यांनी तिथे हिवाळा काढला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य गेला. २४ जानेवारी १५९७ ला जहाजावरच्याच खेरित दे फेर, याकोब व्हॅन हेम्सकेर्क आणि आणखी एकाला सूर्याची कड दिसली. बॅरेंट्स मानायला तयार होईना, कारण त्याच्या गणिताप्रमाणे सूर्य यायला अजून दोन आठवडे होते. तीन दिवसांनी तो पुन्हा दिसला. दे फेरची रोजनिशी १५९८ मध्ये छापली गेली, तेव्हा इकडच्या विद्वानांनीही शंका काढल्या. बघणारे खरं बोलत होते आणि बॅरेंट्सचं गणितही बरोबर होतं. बर्फालगतच्या थंड हवेवर उबदार हवेचा थर बसला की प्रकाश त्या थराखाली वाकत वाकत पृथ्वीच्या गोलाईबरोबर पुढे येतो. क्षितिजाच्या खाली असलेला सूर्य वर दिसतो, आणि दिसतो तो दाबून चपटा झालेला. याला आज नोव्हाया झेमल्या परिणाम म्हणतात. विणकराने गोल सूर्य न काढता पट्टी काढली, हा तिचा अभ्यास आहे आणि त्यासाठी मी तिला पैकीच्या पैकी गुण देते. बॅरेंट्स जून १५९७ मध्ये परतीच्या वाटेवर वारला. सतरांपैकी बाराजण अॅमस्टरडॅमला पोचले.

आता अनुभव.

पहिले काही आठवडे मी नाराज होते. कामाचा अर्ध्याहून जास्त भाग पांढरा. इतके पैसे देऊन पांढरी लोकर घेतली, असं मनात यायचं. आम्ही अॅमस्टरडॅमजवळ अॅमस्टेलवेनला राहतो. बैठकीच्या खोलीत एकाच बाजूने खिडकी आहे. डिसेंबरात इथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम चौदा अंश वर येतो. तो तिरपा उजेड भिंतीवरून सरकायला लागला आणि माझं मत पार बदललं. बर्फाच्या भागात रंगवलेला धागा जवळपास नाहीच. न रंगवलेली लोकरच निरनिराळ्या छटांची वापरली आहे: पिवळसर, राखाडीकडे झुकणारी, दुधाळ. कुठे धागा घट्ट पिळाचा, कुठे सैल. सैल पिळाचा धागा उजेड पितो, घट्ट पिळाचा परत फेकतो. बर्फाचे उंचवटे रंगाने नाही, पिळाने उभे केले आहेत. सपाट उजेडात काढलेल्या विक्रीच्या फोटोंत यातलं काही म्हणजे काही दिसत नाही. ही माझी दुसरी तक्रार, पण ती लहान.

लोकर हेच माध्यम का, याचंही उत्तर हिवाळ्यात मिळालं. अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये बॅरेंट्सच्या माणसांच्या त्या ओंडक्यांच्या घरातल्या वस्तू आहेत; १८७१ मध्ये नॉर्वेच्या एलिंग कार्लसनला ते घर सापडलं, तेव्हा आतलं सामान जागच्या जागी होतं. चीनमध्ये विकायला नेलेल्या मालातलं लोकरी कापडच या माणसांनी कपड्यांसाठी वाटून घेतलं होतं. त्याच संग्रहालयात सतराव्या शतकातल्या डच देवमासेमाऱ्यांच्या विणलेल्या लोकरी टोप्या आहेत, ध्रुवाकडच्या स्पिट्सबर्गन बेटाजवळच्या कबरींतून १९८० मध्ये काढलेल्या. थंडीपायी डोळ्यांपुरतं सोडून सगळं गुंडाळलेलं असायचं, म्हणून ही माणसं एकमेकांना टोपीवरच्या पट्ट्यांवरून ओळखत. त्या टोप्यांपुढे मी बराच वेळ उभी होते. घरी आल्यावर भिंतीवरच्या त्या एका पट्टीकडे मी वेगळ्या नजरेने पाहायला लागले.

आणि मग एप्रिलमध्ये त्या पट्टीखालीच फट उघडली.

टॅपेस्ट्रीच्या विणीत प्रत्येक रंगाचा बाणा आपापल्या जागेपुरता जातो आणि वळून परत येतो. दोन रंगांची हद्द ताण्याच्या एकाच धाग्यालगत सरळ चालली, की तिथे दोन्ही बाजू सुट्या राहतात. ती फट मागाहून शिवून घ्यावी लागते. युरोपात जुन्या काळापासून चित्र आडवं करून विणायची पद्धत आहे: मागावर चित्र कुशीवर असतं आणि भिंतीवर लावताना ते फिरवतात, म्हणजे टांगल्यावर ताणा आडवा येतो. उभी माणसं, खांब, डोलकाठ्या यांना हे सोयीचं पडतं. पण माझ्या चित्रात उभं काहीच नाही! ध्रुवाकडचा सगळा मुलूख क्षितिजाचाच, आणि ताणा आडवा असला की क्षितिज नेमकं ताण्यालगत येतं. हेच चित्र उभ्या ताण्यावर विणलं असतं, तर क्षितिज म्हणजे बाण्याचा रंग बदलणं एवढंच राहिलं असतं. फटीचा प्रश्नच आला नसता.

विणकराने बाकी क्षितिज उंचवट्यांनी तोडून घेतलं आहे, त्यामुळे तिथे फटी लहान लहान आहेत. सूर्याखाली मात्र सुमारे ३५ सेंटिमीटर सलग. इतरत्र खालच्या भागाचं वजन बाण्याचे धागे पेलतात. इथे ते नुसत्या टाक्यांवर. टाके घातले होते एकेरी लोकरीने. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओलावा शोषून घेऊ शकते. हिवाळ्यात हीटरने कोरडी झालेली खोली वसंतात ओलसर झाली, टाके सैलावले, आणि सूर्य व बर्फ यांच्यामधे काळी रेघ दिसायला लागली. ज्या चित्राचा सगळा जीव सूर्य बर्फाला टेकण्यात आहे, त्याच जागी ही रेघ. पाहुण्यांना ती दिसत नसे. मला दुसरं काही दिसत नसे.

पैठणीच्या पदरात शेजारच्या दोन रंगांचे बाणे एकमेकांत अडकवून घेतात, हे आपल्याकडे ठाऊक आहे. तशी गुंतवण केली की फट राहत नाही. मी स्टुडिओला हेच लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की गुंतवणीने कड जराशी दातेरी होते आणि त्यांना सूर्याची कड धारदार हवी होती. हे कारण मला पटतं. आडवं विणण्याचं आणखी एक कारण त्यांनी दिलं, तेही खरं आहे: आभाळात दोन निळ्यांची जी सरमिसळ आहे, तिच्या रेघा टांगल्यावर उभ्या येतात आणि गोठलेल्या हवेतली थरथर त्यातूनच दिसते. उभ्या ताण्यावर ती मिळाली नसती. पण मग ३५ सेंटिमीटरला पक्क्या दोऱ्याचे टाके आणि मागून आधार देणं हे तुमचं काम आहे, गिऱ्हाइकाचं नाही. यावर उत्तर आलं ते सुरुवातीला लिहिलंच आहे.

मी नेदरलँड्सच्या झीलंड प्रांतातल्या मिडलबर्गला जाऊन आले. तिथल्या झेउस म्युझियममध्ये झीलंडच्या आरमारी लढायांच्या टॅपेस्ट्री आहेत, १५९३ ते १६०४ दरम्यान विणलेल्या, म्हणजे बॅरेंट्स समुद्रावर होता तेव्हा काही मागावर असणार. चारशे वर्षांचं वजन घेऊन त्या टांगलेल्या आहेत. जुन्या टॅपेस्ट्रींचे टाकेही कुजतात, पण ते पुन्हा घातले जातात, मागे कापड लावलं जातं. फट ही जोखीम आहे हे धंद्यात सगळ्यांना माहीत असतं, आणि माहीत असलेल्या जोखमीला स्वभाव म्हणून सोडून देणं मला मंजूर नाही.

शेवटी वस्त्रदुरुस्ती करणाऱ्या एका बाईंकडे दिली. जुने टाके काढून मेणाचा हात दिलेल्या सुती दोऱ्याने नवे घातले, मागे धुऊन आकसवलेलं लिनन लावलं, वरच्या कडेला सुती पट्टी आणि वेल्क्रो. आधी टांगायची दांडी सरकवायला वर बोगदा होता, त्यापेक्षा हे फार चांगलं. वजन सबंध कडेवर वाटलं जातं. १८० युरो झाले. जुलै-ऑगस्टचा सगळा ओलावा खाऊन रेघ परत आलेली नाही.

बाकी गोष्टी पटकन. रंग टिकलेत. तांबूस रंग मॅडर नावाच्या झाडाच्या मुळांचा आहे, ज्याची शेती एकेकाळी याच झीलंडात जोरात होती; थेट ऊन लागू देऊ नका, उडालेला रंग परत येत नाही. कसरीची भीती खरी आहे, महिन्याकाठी मागची बाजू बघून जाळी लावलेल्या व्हॅक्यूमने हलक्या हाताने साफ करते. पहिल्या दिवसांतला मेंढीचा वास गेला.

घ्यावी का? हो. इतका अभ्यास आणि इतकी लोकरीची जाण असलेलं काम या किमतीत मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि नाराजी असूनही ती भिंतीवरून काढावी असं मला एकदाही वाटलं नाही. पण पैसे भरण्याआधी ताणा कुठल्या दिशेने आहे आणि सूर्याखालचे टाके कशाचे आहेत, हे लेखी विचारा. माझ्या पत्रांनंतर स्टुडिओने विक्रीच्या पानावर ताण्याची दिशा लिहायला सुरुवात केली आहे, ते चांगलं केलं. दुरुस्तीचे १८० युरो मी पुन्हा मागितले आहेत, बिलाच्या प्रतीसह.