पॉश पॅकेज घेताय? व्हिडिओचं राहू द्या, बाह्य सदस्य कोण ते आधी विचारा

पॉश म्हणजे कामाच्या ठिकाणी स्त्रियांचा लैंगिक छळ रोखणारा २०१३चा कायदा. वर्ष संपत आलं की एचआरच्या इनबॉक्सात ‘पॉश कंप्लायन्स पॅकेज’ची कोटेशनं येऊन पडतात, कारण वार्षिक अहवाल कॅलेंडर वर्षाचा द्यायचा असतो. आत साधारण तोच माल: कर्मचाऱ्यांसाठी ऑनलाइन व्हिडिओ मोड्यूल, पोस्टर, अंतर्गत समितीचं प्रशिक्षण, समितीवर घ्यायचा कंपनीबाहेरचा म्हणजे बाह्य सदस्य आणि अहवालाचा मसुदा. या कायद्याने १० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला छळाच्या तक्रारींची चौकशी करणारी समिती सक्तीची केली. ती नसेल तर ५० हजारांपर्यंत दंड. हा धंदा त्या दंडाच्या धाकावर चालतो.

मोड्यूल चकचकीत असतं, काम बेताचं करतं. साहेबांनी खांद्यावर हात ठेवल्याचं चित्र, खाली तीन पर्याय, त्यातले दोन इतके येडपट की वाचायच्या आधीच बोट तिसऱ्यावर जातं. चुकलात तर पास होईपर्यंत परत द्या. टॅब उघडा ठेवून चहाला गेलं तरी सर्टिफिकेट येतंच. त्यातून लॉगिन कंपनीचा ईमेल असणाऱ्यांनाच. कायद्याच्या व्याख्येत कंत्राटी, रोजंदारीवरचे, अप्रेंटिस सगळे येतात. मग हाउसकीपिंगच्या मावशी आणि गेटवरचे सिक्युरिटी कुठे गेले? त्यांच्यासाठी शिफ्ट बदलताना अर्ध्या तासाचं समोरासमोर सत्र मागा, मराठीत. पोस्टरही मराठीत हवं, आणि त्यावर समितीच्या सदस्यांची नावं हवीत. व्हिडिओला पाचपैकी दोन.

पैसे वसूल होतात ते समितीच्या प्रशिक्षणात, आणि नेमकी तिथेच काटकसर होते. दोन तासांत कायद्याचा इतिहास सांगून मोकळे होतात. तक्रार हातात आल्यावर काय करायचं ते राहूनच जातं. तक्रारीची प्रत ७ कामाच्या दिवसांत ज्याच्यावर तक्रार आहे त्याला जायला हवी, त्याचं उत्तर साक्षीदारांच्या यादीसह १० कामाच्या दिवसांत यायला हवं. सुनावणीला अध्यक्षांसह किमान तिघं हजर हवीत. वकील कुणालाच आणता येत नाही. चौकशी ९० दिवसांत संपवायची आणि त्यानंतर १० दिवसांत अहवाल द्यायचा. कोणी लागोपाठ तीन सुनावण्या चुकवल्या तर एकतर्फी निर्णय घेता येतो, पण त्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. ही नोटीस हमखास विसरली जाते, आणि अपिलात सगळी चौकशी त्यावरच अडते.

घाईसुद्धा तितकीच महागात पडते. गोवा विद्यापीठातल्या प्रकरणात २००९ साली समितीने सुनावण्या इतक्या झपाट्याने उरकल्या की आरोप असलेल्याला बाजू मांडायला पुरेशी संधीच मिळाली नाही, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३मध्ये त्याची बडतर्फी रद्द केली आणि चौकशी पुन्हा समितीकडे धाडली. १४ वर्षांनी! तक्रार करणाऱ्यांचं त्यात काय झालं असेल, याचा विचार करा. म्हणून प्रशिक्षकाला सरावासाठी एक काल्पनिक तक्रार तयार करून तिची पूर्ण फाइल समितीकडून लिहून घ्यायला सांगा: नोटीस, जबाब, रोजनामा, निष्कर्ष. ‘आम्ही असं करत नाही’ म्हणाले तर दुसरा बघा.

बाह्य सदस्य म्हणजे स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतली किंवा हा विषय जाणणारी व्यक्ती. नियमात त्यांचा भत्ता दिवसाला २०० रुपये आहे, अधिक प्रवासखर्च. तेवढ्यात आज कोण येणार? त्यामुळे बाजारात रिटेनर, म्हणजे ठरावीक बांधलेलं मानधन, चालतो. त्याला हरकत नाही, मात्र एकच नाव ढीगभर कंपन्यांच्या पोस्टरवर असेल तर तक्रारीच्या दिवशी त्यांची तारीख मिळत नाही. सध्या किती समित्यांवर आहेत ते लेखी घ्या. आणखी एक पळवाट: समिती प्रत्येक कार्यालयासाठी वेगळी हवी, पण पॅकेजवाले मुख्य कार्यालयातली एकच समिती चाकणच्या प्लांटला आणि नागपूरच्या शाखेलाही दाखवून टाकतात.

अहवालाच्या मसुद्यात काही विशेष नाही. तक्रारी किती आल्या, किती निकाली निघाल्या, ९० दिवसांवर किती रखडल्या, कार्यशाळा किती झाल्या, कारवाई काय केली. एक्सेलच्या एका शीटचं काम. त्याचं वेगळं बिल लावलं असेल तर ती ओळ खोडायला सांगा.