साठीनंतर: फक्त डॉक्टरांच्या गोळ्या, की जोडीला आणखी काही?

गुडघे धरलेत, झोप उडालीय आणि बीपीची गोळी चालूच आहे. अशा वेळी ज्येष्ठांमध्ये दोन टोकांची मतं ऐकू येतात. 'डॉक्टर सांगतील तेवढंच, बाकी थोतांड' हे एक आणि 'आधीच मूठभर गोळ्या, आता काहीतरी नैसर्गिक बघू' हे दुसरं.

रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, संसर्ग यांत पहिली मंडळी बरोबर आहेत. तिथे औषध सोडून दुसरं काही करून बघणं म्हणजे जिवाशी खेळ. जुनाट दुखण्यात मात्र त्यांची बाजू लंगडी पडते. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी रोज घेतली, तर उतारवयात जठर आणि मूत्रपिंडं दोन्हींना त्रास होऊ शकतो, रक्तदाबही वाढतो.

एकात्मिक उपचारांत नेहमीची औषधं चालूच राहतात, जोडीला ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम), योग, अ‍ॅक्युपंक्चर किंवा मसाज येतो. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ साली जुनाट कंबरदुखीसाठी गोळ्यांआधी व्यायाम, योग, ताई ची, अ‍ॅक्युपंक्चर असे उपाय करून बघायला सांगितलं. ताई चीने तोल सुधारतो, पडण्याचं प्रमाण घटतं. माझ्या मते म्हातारपणी याहून मोठा फायदा क्वचितच असेल.

पण याच नावाखाली कॅप्सुलाही खपतात, आणि तिथे माझा हात आखडतो. गुडघ्याच्या संधिवातासाठी ग्लुकोसामाइन हे पूरक घेऊ नये, असं अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना ठामपणे सांगतात. ताई चीची शिफारस त्याच सूचना तितक्याच ठामपणे करतात. स्मरणशक्तीसाठी घेतल्या जाणाऱ्या जिंको या वनस्पतीचंही तेच. पंचाहत्तरी गाठलेल्या ३००० हून अधिक लोकांना घेऊन केलेल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज दोनदा १२० मिलिग्रॅम जिंको देऊनही स्मृतिभ्रंश टळला नाही.

निरुपयोगी असणं एक वेळ परवडलं. सेंट जॉन्स वर्ट ही उदासीवरची वनस्पती यकृताला वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी भराभर निकाली काढायला लावते. मग ती गोळी वेळेवर घेऊनही गुठळी होण्याचा धोका वाढतो. आणि 'हे काय औषध थोडंच आहे' म्हणून डॉक्टरांना नेमकं हेच सांगायचं राहून जातं.

तेव्हा दुखणं किंवा तोल हा प्रश्न असेल, तर शरीराला हलवणारे उपाय बेलाशक जोडा, फक्त शिकवणाऱ्याला आपले आजार आधी सांगा. गिळायचं काही असेल, तर डबी उघडण्याआधी ती डॉक्टरांना दाखवा. 'गोळ्या बंद करा, मग गुण येईल' असं कुणी म्हणालं, तर तिथून उठा.