2015 चा लॅपटॉप आणि मिंट एक्सएफसीई : सात महिन्यांनंतर

लॅपटॉप 2015 चा. इंटेलचा पाचव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, 4 जीबी रॅम, कुरकुरणारी हार्डडिस्क. बहिणीच्या इंजिनिअरिंगसाठी घेतलेला, आता बाबांकडे. बातम्या, यूट्यूबवर कीर्तन, सोसायटीच्या नोटिसा मराठीत टाइप करणं, एवढंच त्यांचं काम. 14 ऑक्टोबर 2025 ला, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर, विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि निर्णय माझ्या गळ्यात पडला.

विंडोज 11 अधिकृतपणे आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक इंटेल प्रोसेसरवर चालत नाही. पळवाटा आहेत, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही. दर सहा महिन्यांनी बाबांचा फोन यावा असं मला वाटत नव्हतं. दुकानदाराचा सल्ला होता, ‘विंडोज सेव्हन टाका, पळेल.’ पळेल खरं, पण त्यावर क्रोम ब्राउझर 109 या जुन्या आवृत्तीच्या पुढे जात नाही, आणि बँकेचं काम त्यावर करायची माझी छाती नाही.

म्हणून लिनक्स मिंट 22, विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम (ओएस). सपोर्ट 2029 पर्यंत. आधी दिसायला देखणी म्हणून मिंटची सिनॅमन आवृत्ती टाकली, तीच चूक. काहीही न उघडता एक जीबीच्या वर रॅम जायची, ब्राउझरचे चार टॅब उघडले की माउस अडखळायचा. आठवड्यात ती पुसून मिंटचीच हलकी आवृत्ती, एक्सएफसीई, टाकली. ती रिकामी असताना साडेसातशे एमबीच्या आसपास राहते. दिसायला जरा जुनाट आहे. बाबांना तेच आवडलं, कारण स्टार्टचं बटण डाव्या कोपऱ्यात ‘जिथल्या तिथे’ आहे.

पण खरं सांगायचं तर जादू मिंटची कमी आणि एसएसडीची जास्त. जुनी डिस्क असेपर्यंत एक्सएफसीई सुद्धा चालू व्हायला दीड मिनिट घ्यायची. तिच्या जागी 240 जीबीची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवली, आता चहा गाळेपर्यंतही थांबावं लागत नाही. ‘कुठली ओएस टाकू?’ असं कुणी विचारलं तर मी आधी डिस्क कुठली आहे ते विचारतो.

पहिल्या दिवशी वायफायच दिसेना. मोबाइल यूएसबीने जोडून त्याचं नेट दिलं, मग मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरने वायफायचा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा प्रोग्रॅम) शोधून बसवला.

मराठीची मला धास्ती होती. बाबा इन्स्क्रिप्ट या सरकारमान्य कीबोर्ड मांडणीवाले, कीबोर्डच्या यादीतून मराठी जोडलं आणि बोटं आपोआप चालू लागली. ‘दुसऱ्या’तला ऱ सुद्धा शिफ्ट धरून र च्याच कळीवर. घोळ फॉन्टचा झाला. जुन्या नोटिसा विंडोजच्या मंगल फॉन्टमध्ये होत्या, तो मिंटमध्ये नसतो. लिबरऑफिसने (मिंटमधलं वर्डसारखं सॉफ्टवेअर) दुसरा फॉन्ट लावला आणि एका पानाची नोटीस अध्यक्षांच्या सहीसह दुसऱ्या पानावर घसरली. आता सगळं नोटो फॉन्टमध्ये. युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) येण्याआधीच्या फॉन्टमधल्या फायली मात्र नुसती अक्षरांची खिचडी दिसतात. त्या मी तशाच ठेवल्यात.

बॅटरीत फरक नाही, ती आधीच मेलेली होती. यूट्यूब 720 वर निवांत, 1080 वर पंखा ओरडतो. चार जीबीत एका वेळी पाच-सहा टॅबच्या पुढे जाऊ नये. बाबा जातात, मग मला फोन येतो.

आमच्या जुन्या लेझर प्रिंटरपुढे मात्र मी हात टेकले. दोन रविवार घालवले, ड्रायव्हर बसला, पण प्रत्येक तिसऱ्या पानाला रुसायचा. म्हणून 60 जीबीत विंडोज 10 ठेवलंय, नेट कायमचं बंद करून, फक्त छपाईसाठी. दोन्हींच्या संसारात एक गंमत झाली : मिंटवरून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे. मिंट लॅपटॉपच्या घड्याळात जागतिक वेळ लिहून ठेवतं, विंडोज तीच स्थानिक समजतं. मिंटला स्थानिक वेळ पाळायला लावली तेव्हा सुटलं. त्याआधी महिनाभर सोसायटीच्या सगळ्या नोटिसांवर पहाटेची वेळ छापून जात होती, आणि कुणी विचारलंही नाही.