म्युनिकला बदली : मुलांना जर्मन शाळेत घालायचं की इंटरनॅशनल?

पुण्याहून म्युनिकला निघालेल्या घरात नोकरीचं पत्र आलं की पहिला प्रश्न मुलांच्या शाळेचा असतो. आम्ही आलो तेव्हा मुलगी सात वर्षांची होती, मुलगा तेरा. तिला घराजवळच्या सरकारी ग्रुंडशुलेत (पहिली ते चौथीची प्राथमिक शाळा) घातलं, त्याला इंटरनॅशनल शाळेत. आज पुन्हा ठरवायचं झालं तरी हेच करू. मूल किती वर्षांचं आहे आणि तुम्ही इथे किती वर्षं राहणार, या दोनच गोष्टींवर हा निर्णय घ्यावा असं माझं ठाम मत आहे.

पैशांचं आधी सांगते. सरकारी शाळेला फी नाही. इंटरनॅशनल शाळेची फी एका मुलामागे वर्षाला 20,000 युरोच्या पुढे सहज जाते, बस आणि जेवण बहुधा वेगळं. कंपनी फी भरणार असेल तर किती वर्षं, ते करारात लिहून घ्या. दोन वर्षांसाठी आलेली माणसं पुढे इथल्या कॉन्ट्रॅक्टवर जातात, फी बंद होते, आणि तेव्हा मूल सहावीत असतं, जर्मनचा गंध नसलेलं.

सहा ते आठ वयाच्या मुलाला मी बेलाशक जर्मन शाळेत घालीन. आमची लेक पहिले तीन महिने वर्गात एक शब्द बोलली नाही. घरी मात्र बाहुल्यांना जर्मनमध्ये रागवायची. भाषा आत मुरत होती. कोणती ग्रुंडशुले मिळणार हे साधारणपणे पत्त्यावरून ठरतं, म्हणून भाड्याचं घर बघतानाच शाळाही बघून घ्या. एक मोठी अडचण आहे: शाळा दुपारी लवकर सुटते. दोघं नोकरी करत असाल तर होर्टमधल्या (शाळा सुटल्यावर मुलांना सांभाळणारं केंद्र) जागेसाठी आल्याबरोबर अर्ज करा. आमची त्यात फार ओढाताण झाली.

खरी कसोटी चौथीत. बायर्नमध्ये (म्युनिक ज्या राज्यात आहे ते) मे महिन्यात मिळणाऱ्या प्रगतिपुस्तकावर पुढची शाळा ठरते. गिम्नाझियमसाठी, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणाऱ्या माध्यमिक शाळेसाठी, जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली लागते (इथे 1 सर्वांत चांगला, 6 सर्वांत वाईट). जी परभाषक मुलं पहिलीपासून जर्मन शाळेत नव्हती, त्यांना भाषेच्या अडचणीमुळे 3.33 पर्यंत सवलत मिळू शकते. हे स्वतःहून विचारा. नाहीच जमलं तर रेआलशुले (दहावीपर्यंतची माध्यमिक शाळा) आणि मग फाखओबरशुले (त्यापुढची व्यवसायाभिमुख शाळा) या वाटेनेही उच्च शिक्षणाकडे जाता येतं, दहा वर्षांच्या मुलापुढे रडू नका.

म्हणूनच नऊ-दहाव्या वर्षी येणाऱ्या मुलाचा निर्णय सगळ्यांत अवघड. भाषा शिकायची आणि वर्षभरात गुणही मिळवायचे. कायमचं राहायचं असेल तरच हा भार त्याच्यावर टाका, आणि पुण्यातूनच जर्मनचे वर्ग सुरू करा.

तेराच्या पुढे मला इंटरनॅशनल बरी वाटते, विशेषतः तीन-चार वर्षांत परतायचं असेल तर. अभ्यास इंग्रजीतून होतो आणि आयबी डिप्लोमा (बारावीच्या तोडीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र) भारतातही चालतो. जर्मनीत तो विषयांच्या ठरलेल्या अटींवर मान्य होतो, त्यामुळे इथेच पुढे शिकायचं असेल तर अकरावीला विषय निवडतानाच त्या अटी तपासा. तोटाही सांगते. दर उन्हाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या वडिलांची बदली होते. मुलाचे दोन जिवलग मित्र असेच गेले, आणि शेजारच्या पोरांशी बोलण्याइतकं जर्मन त्याला अजून येत नाही.

जर्मन शाळेची जमेची बाजू शेवटी आबिटुरमध्ये, म्हणजे गिम्नाझियमच्या शेवटच्या परीक्षेत, दिसते. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने 2024 च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांना फी लावली, पण जर्मनीत आबिटुर झालेल्यांना ती भरावी लागत नाही.

मराठीचं म्हणाल तर दोन्ही शाळांत ती तुमच्याच गळ्यात. आम्ही रोज रात्री अर्धा तास मोठ्याने वाचतो.

निघण्याआधी शाळा सोडल्याचा दाखला आणि दोन-तीन वर्षांच्या गुणपत्रिका घ्या. आणि गोवराच्या दोन्ही डोसांची नोंद पुण्यातल्या डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घ्या. 2020 पासून जर्मनीत शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी तो पुरावा सक्तीचा आहे, शाळा कोणतीही असो.