चर्चची नवी फरशी आणि फरशीखालची हीटिंग: तिन्ही ऋतू वापरून झाल्यावर

जालना जिल्ह्यातल्या आमच्या छोट्या चर्चची फरशी गेल्या दिवाळीच्या आगेमागे नवी केली आणि वेदीपुढच्या तुकड्यात फरशीखाली विजेची हीटिंग मॅट, म्हणजे तापणारी वायर बसवलेली जाळी, टाकली. तेव्हापासून पाहुण्यारावळ्यांचा एकच प्रश्न, "मराठवाड्यात फरशीला हीटर? उन्हाळा कमी पडतो का?" आता हिवाळा, उन्हाळा, पावसाळा तिन्ही काढून झाले. पैसे वसूल झाले ते फरशीच्या बुडात घातलेले. हीटिंगचा भाग छोटा ठेवला म्हणूनच परवडला.

मूळ दुखणं काळ्या मातीचं. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरची फरशी तिच्याबरोबर वरखाली होते. जुन्या शहाबादीवर बाकं डुगडुगायची. कुणी उभं राहिलं की खाट्‌ आवाज ठरलेला. "जुनी काढा अन् चकचकीत टाइल ठोका," असं सांगणारे खूप भेटले. पण खालची माती तशीच राहिली तर टाइलही पोकळ वाजायला वेळ लागत नाही. आम्ही दोन फूट माती उपसली. भिंतीच्या पायाशी मात्र एकदम खणू दिलं नाही, तुकड्यातुकड्यानं काम घेतलं. मग मुरूम थराथरानं भरायचा, पाणी मारायचं, धुमस करायची, म्हणजे ठोकून घट्ट दाबायचा, की पुढचा थर. याला इतका वेळ लागला की मंडळीत कुरकुर सुरू झाली. त्यावर प्लास्टिकचा कागद आणि ४ इंच काँक्रीट. भिंतीलगत अर्धा इंच जागा सोडून थर्मोकोलची पट्टी घातली, म्हणजे फरशी हलली तरी भिंतीला ढकलत नाही. पावसाळा गेला, अजून एकही फरशी उचललेली नाही की एकही सांधा उघडलेला नाही.

दगड पुन्हा शहाबादीच घेतला. शहाबाद पडतं कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यात, म्हणजे शेजारच्याच राज्यात. हलकं पॉलिश केलं, आरसा नाही केला, त्यामुळे ओल्या पायानं घसरायला होत नाही. जुन्यातल्या धड फरश्या आवारात वापरल्या.

आता हीटिंग. आमच्याकडे पुढच्या भागात बाकं नाहीत. संडे स्कूलची मुलं आणि बऱ्याच बाया खालीच बसतात, प्रार्थनेला गुडघे टेकतात. डिसेंबर-जानेवारीत इकडे पारा कधीकधी १० अंशांच्या खाली जातो, आणि नेमक्या तेव्हाच नाताळची आणि वर्षअखेरीची अशा रात्रीच्या उपासना असतात. विकणाऱ्यानं अख्ख्या हॉलसाठी गळ घातली होती. आम्ही १२ बाय १० फुटांवरच थांबलो. चौरस मीटरला १५० वॉट धरून सगळा भार १६५० वॉटच्या आसपास, घरच्या २ किलोवॉटच्या गिझरपेक्षा कमी. सलग तीन तास चालली तरी जेमतेम ५ युनिट.

मॅटखाली इन्सुलेशन बोर्ड हवाच, नाहीतर बरीच ऊब जमिनीत जाते. वायर कापायची नाही, एकावर एक येऊ द्यायची नाही, आणि वरचा दगड पूर्ण माल भरून बसवायचा. खाली पोकळी राहिली तर तिथं वायर तापून जळू शकते. गवंड्याला हे दहादा सांगावं लागतं, कारण चार कोपऱ्यांना चार गोळे ठेवून फरशी दाबायची सवय हाताला असते. मॅट टाकण्याआधी, टाकल्यावर आणि फरशी बसल्यावर असं तीनदा मल्टीमीटरनं वायरीचा रेझिस्टन्स मोजून भिंतीवर लिहून ठेवलं, वायर तुटली तर आकड्यावरून कळतं. फरशीचं तापमान मोजणारा सेन्सर वेगळ्या पाइपातून घेतला, बिघडला तर ओढून बदलता येतो. विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा ईएलसीबी स्वतंत्र. सिमेंट पुरतं वाळेपर्यंत, म्हणजे जवळजवळ महिनाभर, बटणाला हात लावला नाही.

वापरताना कळलेली पहिली गोष्ट: दगड जाड, त्यामुळे दीड-दोन तास आधी चालू करावं लागतं. थर्मोस्टॅट २६-२७ अंशांवर पुरतो. २९ च्या वर नेऊ नये. हॉलची हवा यानं गरम होत नाही. पाय उबदार, नाक गारच. लाइट गेली तरी तासभर ऊब टिकते, आणि लाइट जातेच. दुसरी गोष्ट सतरंजीची. चर्च उघडणारे मामा सवयीनं जाड सतरंजी अंथरायचे. ऊब खालीच अडकायची, वर बसणाऱ्याला काही कळायचं नाही, शिवाय वायरीलाही ते बरं नाही. आता त्या भागात काही अंथरत नाहीत. एक आजी प्रार्थना संपली तरी गुडघ्यावरच होत्या. सुनेनं हात धरला तर म्हणाल्या, "थांब गं, जरा. आज उठूच वाटंना."

उन्हाळ्यात अर्थातच बंद. उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची) उपासना दुपारी १२ ते ३. बाहेर रस्ता भाजत असतो आणि शहाबादी गार असते. पण अनवाणी चाललं की फरक कळतो: हीटिंगचा तुकडा बाकी फरशीइतका गार नसतो. खालच्या बोर्डामुळे जमिनीचा गारवा वर पोचत नाही. हे विकताना कुणी सांगत नाही.

पावसाळ्यात खरी कटकट निघाली. भिंती दगड-चुन्याच्या, जुन्या. पूर्वी जमिनीतली ओल फरशीच्या सांध्यांतून निघून जायची. आता खाली प्लास्टिक, वर काँक्रीट, म्हणून ती भिंतीत चढली आणि हातभर उंचीपर्यंत लोणा, म्हणजे ओलीबरोबर येणारा पांढरा खार, लागला. इमारत जुनी असेल तर ठेकेदाराला हे आधी विचारा. चुना-मुरुमाची, ओल सोडणारी फरशी हा एक पर्याय असतो. आम्ही बाहेरून भिंतीलगतचा भराव उतरवून चर काढला आणि पत्र्याचं पाणी लांब नेलं. लोणा कमी झालाय, गेलेला नाही. सिमेंटनं गिलावा करून झाकू नका, ओल आणखी वर जाते.

व्हेस्ट्रीतही, म्हणजे पाळकांच्या तयारीच्या खोलीतही, हीटिंग टाका, असा विषय पुढच्या बैठकीत येतोय. मी नाही म्हणणार आहे. तिथं सगळे खुर्चीवर बसतात, आणि तो पैसा आधी उरलेल्या दोन बाजूंच्या चरांना लागणार आहे.